पॅन लोफ, प्लेन लोफ आणि स्कॉटलंडची बोली

एखादी बाई आपली मूळ बोली गाळून साजूक तुपातलं इंग्रजी बोलायला लागली की स्कॉटलंडमध्ये म्हणतात, ती 'पॅन लोफ' बोलते. हे पावाचं नाव आहे. प्लेन लोफ भट्टीत एकमेकांना चिकटवून भाजतात, त्यामुळे त्याला वर-खाली जाड, करपट कड येते आणि बाजू मऊ राहतात. पॅन लोफ स्वतंत्र साच्यात भाजतात, म्हणून त्याला चारी बाजूंनी पातळ कड असते. तो महाग पडायचा. ज्यांना परवडायचा त्यांच्या बोलण्यालाही तेच नाव चिकटलं.

तिथल्या बोलीबद्दल इंटरनेटवर गमतीदार शब्दांच्या याद्या पुष्कळ सापडतात. त्यांत एक गोष्ट सुटते: एखादा शब्द 'स्कॉट्स भाषा' ठरतो की 'स्लँग', हे शब्दाच्या वयावरून ठरत नाही. तो कुणाच्या तोंडी आहे, यावरून ठरतं.

मुळात स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नव्हे. जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून ती वाढली. स्कॉटलंडच्या दुसऱ्या जुन्या भाषेशी, गेलिकशी, तिचं कूळ जुळत नाही; गेलिक केल्टिक या वेगळ्या भाषाकुळातली आहे. पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जात. १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये संसदही गेली, आणि वर चढायचं तर लंडनसारखं बोललं पाहिजे हे शिकलेल्या वर्गाने ओळखलं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये लिखाणात टाळायच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादीच छापली. १७६१ मध्ये थॉमस शेरिडन या आयरिश नटाने एडिनबरात शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्यानं दिली आणि शहरातले प्रतिष्ठित लोक ती ऐकायला गेले. १८७२ च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली आणि हाच धडा प्रत्येक पोराच्या वाट्याला आला. स्कॉट्स बोलल्याबद्दल हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. १९४६ साली शिक्षणाविषयीच्या सरकारी अहवालाने तर लिहून ठेवलं की ही सुशिक्षितांची भाषा कुठेच नाही आणि शिक्षणाचं माध्यम व्हायला ती लायक नाही. ज्यांनी हे सोसलं त्यांची नातवंडं आजही घरात एक आणि मुलाखतीत दुसरं बोलतात.

भाषाशास्त्रज्ञ ए. जे. एटकिन यांनी केलेला एक भेद इथे फार कामाचा आहे. काही स्कॉटिश प्रयोग उघड असतात: माणूस ते मुद्दाम, जाणूनबुजून वापरतो. 'वी' म्हणजे लहान, 'आय' म्हणजे होय. वकील, डॉक्टर, मंत्री ते चवीपुरते पेरतात आणि त्याने त्यांची पत कमी होत नाही. दुसरे प्रयोग झाकलेले असतात: बोलणाऱ्याला वाटतं, आपण प्रमाण इंग्रजीच बोलतोय. 'आउटविथ' म्हणजे बाहेर. हा शब्द सरकारी पत्रातही दिसतो. 'कुठे राहता' असं विचारताना तिथे 'स्टे' हे क्रियापद वापरतात, म्हणून त्या प्रश्नाला हॉटेलचं नाव नको, घराचा पत्ता सांगा. सगळ्यांत फसवा शब्द 'डाउट'. 'आय डाउट इट्ल रेन' असं जुन्या वळणाचा माणूस म्हणाला तर छत्री घ्या. पाऊस येणार असं वाटतंय, असं तो सांगतोय. इंग्लंडमधला माणूस नेमका उलटा अर्थ घेतो.

आता याच्या शेजारी 'आय सीन' (मी पाहिलं) किंवा 'आयव्ह वेंट' (मी गेलोय) ठेवून बघा. क्रियापदाचं भूतकाळी रूप आणि कृदंत यांची अदलाबदल, एवढंच यात घडलंय. प्रमाण इंग्रजीपासून ढळण्यात 'आउटविथ' याहून कमी नाही. तरी एकाला सही-शिक्का मिळतो आणि दुसऱ्यावर लाल रेघ येते, कारण 'आय सीन' म्हणणारी माणसं बहुतेक कामगार वस्तीतली असतात. हा अन्याय आहे आणि तो व्याकरणाच्या नावाखाली चालतो.

प्रांतानुसार शब्द झपाट्याने बदलतात. मूल पूर्वेकडे 'बेअर्न', ग्लासगोकडे 'वेन'. ईशान्येला, अ‍ॅबर्डीनच्या आसपास, बोलीला डॉरिक म्हणतात आणि प्रश्नार्थक शब्दांच्या सुरुवातीला 'फ' येतो: 'फिट' म्हणजे 'काय', 'फार' म्हणजे 'कुठे', 'फा' म्हणजे 'कोण'. मुलगा 'लून', मुलगी 'क्वाइन'. 'फिट लाइक?' म्हणजे कसं काय. डंडी शहरात 'आय' हा स्वर 'ए' होतो, म्हणून पाय हा पदार्थ तिथे 'पे'. शेतकऱ्यांच्या डॉरिकचं कौतुक होतं, ज्यूट गिरण्यांच्या डंडीचा उच्चार मात्र नकलेचा विषय होतो. दोन्ही गावांत अंतर शंभरेक किलोमीटरचं.

एडिनबरा आणि इंग्लंडला लागून असलेल्या बॉर्डर्स भागातले काही शब्द मराठी कानाला चमकवतील. तिथे 'चोर' हे क्रियापद आहे, अर्थ चोरणे. 'डीक' म्हणजे बघणे. आपलं 'देखणे' शेजारी ठेवा. बॉर्डर्समध्ये पाण्याला 'पानी' म्हणणारे लोक आहेत. हे वसाहतीच्या काळात आलेले शब्द नव्हेत. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या भाषेतून ते आले. बॉर्डर्समधलं कर्क येटम हे गाव जिप्सी वस्तीसाठी प्रसिद्ध होतं. 'बॅरी' म्हणजे झकास आणि 'गॅजी' म्हणजे माणूस, हेही त्याच वाटेने आलेले. संस्कृतशी नातं सांगणारे हे शब्द आज पोरांची टपोरी भाषा म्हणून ओळखले जातात. ज्यांच्या तोंडून ते आले त्या भटक्या लोकांना समाजात तळाची जागा होती, हे त्याचं कारण.

सर्वांत जास्त राग ग्लासगोच्या वाट्याला येतो. 'वॉटर'मधला 'ट' घशात अडकवून म्हणायचा, याला शिक्षक आळस म्हणत आले. वास्तविक तिथे स्वरतंतू पूर्ण मिटून हवा अडवावी लागते. तोही उच्चारच आहे. शिवाय त्याला नियम आहे: 'टॉप'मधला किंवा 'अटॅक'मधला 'ट' कधीच घशात जात नाही, कारण शब्दाच्या ज्या अक्षरावर जोर पडतो त्याच्या आरंभी तो येतो. अडाणीपणा असता तर असा नेम कशाला पाळला असता? भाषाशास्त्रज्ञ रोनाल्ड मॅकॉले यांनी १९७० च्या दशकात ग्लासगोची पाहणी केली तेव्हा जसजसा वर्ग उतरत जातो तसतसा हा उच्चार वाढतो, असं स्पष्ट दिसलं. वरच्या वर्गातही तो सापडतोच. 'थिंक'चं 'हिंक' हे मात्र कामगार वस्तीचंच लक्षण राहिलं. दुसऱ्या टोकाला एडिनबराचं मॉर्निंगसाइड आणि ग्लासगोचं केल्विनसाइड या सुखवस्तू वस्त्या: इथे 'अ‍ॅ'चा 'ए' करत इतकं जपून बोलायचे की 'सॅक्स' आणि 'सेक्स' ऐकायला सारखे यायचे.

शिव्यांमध्येही पत्ता असतो. सरकारी घरांच्या वसाहतीला 'स्कीम' म्हणतात. त्यावरून एडिनबरात 'स्कीमी'. पश्चिमेकडे टपोरी पोरांना 'नेड'. नेड म्हणजे 'अशिक्षित गुन्हेगार' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, असं छातीठोक सांगितलं जातं. ते मागाहून जुळवलेलं आहे. दोन्ही शब्द बाहेरच्याने कधीच वापरू नयेत.

नव्याने तिथे राहायला जाणाऱ्यांनी कान तयार करावा, जीभ नाही. शेवटी '-ने' ऐकू आलं तर वाक्य नकारार्थी आहे: 'कॅने' जमत नाही, 'डिडने' केलं नाही, 'इझने' नाहीये. हे सर्वांत आधी पाठ करा, कारण हे निसटलं की होकार आणि नकार यांची गल्लत होते. एकटं 'हाउ?' आलं तर 'का?' समजून उत्तर द्या. 'मेसेजेस' म्हणजे घरचा बाजारहाट. 'पीस' म्हणजे सँडविच, म्हणजे डबाही. ग्लासगोत 'जिंजर' म्हणजे कुठलंही फसफसणारं गोड पेय, त्यात आलं असायलाच हवं असं नाही. 'बॅक ऑफ सिक्स'ला या म्हटलं तर सहा वाजून गेल्यावर लगेच, सव्वासहापर्यंत पोहोचा. सहाच्या आधी गेलात तर यजमानांची तयारी व्हायची असते. 'आय, राइट' लांबवून म्हटलं तर दोन्ही शब्द होकाराचे असूनही अर्थ 'काहीतरीच काय' असा होतो. न कळल्यास सरळ पुन्हा विचारा. ग्लासगोच्या उच्चाराची नक्कल करून दाखवू नका. ज्याला शाळेत त्याच उच्चारासाठी बोलणी बसली आहेत, त्याला ती नक्कल झोंबते. 'वी' आणि 'आउटविथ' आपोआप तोंडात बसतील, तेवढे पुरेत.

सरकारी भूमिका आता बदलली आहे. २००१ मध्ये ब्रिटनने प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेला मान्यता दिली, त्यात स्कॉट्स आहे. २०२५ च्या कायद्याने गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं. मात्र २०११ चे आकडे प्रांतवार बघितले की जुनी जखम दिसते: अ‍ॅबर्डीनशरमध्ये ४९ टक्के लोकांनी होय म्हटलं, एडिनबरा शहरात २१ टक्क्यांनी. शहरात बाहेरून आलेले बरेच, हे खरं. पण दिवसभर 'केन' (माहीत असणे), 'दिने' (नको, नाही), 'बॅरी' म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी तो रकाना कोरा सोडला असणार, कारण आपण बोलतो ती स्लँग आहे, असंच त्यांना लहानपणापासून सांगितलं गेलंय.