आई-बाबांच्या घराला कॅमेरे: स्वतः बसवायचे की माणूस बोलवायचा?

सांगलीत विश्रामबागेकडे आई-बाबांचं बैठं घर आहे. मागे परसदार, बाजूने गच्चीवर जाणारा उघडा जिना. आम्ही भावंडं पुण्यात. गल्लीत घरफोडी झाली आणि कॅमेरे बसवायचं ठरलं. बसवायचे कुणी, यावर मात्र आमची बरीच चर्चा झाली.

दादाचं म्हणणं, वायफाय कॅमेरे ऑनलाइन मागवू आणि एखाद्या रविवारी जाऊन लावून येऊ. एक कॅमेरा दोन-अडीच हजारांना, रेकॉर्डिंग त्यातल्याच मेमरी कार्डवर. सांगलीतल्या कॅमेरे बसवणाऱ्या माणसाचं कोटेशन चार कॅमेरे, डीव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), हार्ड डिस्क आणि वायरिंग धरून पंचवीस हजारांच्या घरात जात होतं. फरक मोठा होता, म्हणून मी आधी मोबाइल हातात घेऊन घरभर फिरले. राउटर पुढच्या खोलीत. असे बहुतेक कॅमेरे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात. ५ गिगाहर्ट्झपेक्षा ती रेंज लांब जाते खरी, पण दोन जाड भिंती ओलांडून परसदारी जाईपर्यंत साधा व्हिडिओ कॉलही अडकत होता, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्या परसदाराचीच होती. शिवाय बॅटरीवाले सोडले तर वायफाय कॅमेऱ्यालाही प्लग लागतोच. जिन्याशी प्लग नव्हता, म्हणजे वायरमन तर बोलवावाच लागणार होता.

मग रेकॉर्डिंगचा हिशोब मांडला. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सलग रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरून जुनं पुसायला लागतं. आणि चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. डीव्हीआर घरात कपाटात राहतो. १ टीबीच्या डिस्कवर चार कॅमेऱ्यांचं अकरा-बारा दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं. आई-बाबा आठवडाभर गावाला गेले तरी मागचं सगळं बघता येतं.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "लाइट गेली की तुमचं ते दिसायचं बंद ना?" तिथे लाइट जाते आणि चोरालाही अंधारच हवा असतो, तेव्हा प्रश्न अगदी योग्य होता. वायफाय कॅमेरे चार ठिकाणी चार प्लगांवर, ते सगळे इन्व्हर्टरवर घ्यायचे म्हणजे पुन्हा वायरिंग. डीव्हीआरच्या पद्धतीत थ्री प्लस वन केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातात. कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, डीव्हीआरशेजारीच असतो. तो, डीव्हीआर आणि राउटर, इतकंच इन्व्हर्टरवर घेतलं की काम झालं.

तरी माझं मत ठरलं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. उद्या कॅमेरा बंद पडला तर शिडीवर कोण चढणार? बाबांचं वय सत्तरच्या पुढे. आम्ही पुण्याहून निघून पोचेपर्यंत घर उघडंच. म्हणून मी तिथल्या माणसाच्या बाजूने उभी राहिले आणि दादालाही ते पटलं.

त्याचं काम मी शेजारी उभी राहून बघितलं. केबल जंक्शन बॉक्समध्ये शिरण्याआधी तो तिला खाली एक वळसा देत होता. विचारलं तर म्हणाला, "ताई, पावसाचं पाणी या वळशावरून खाली गळतं, जोडात उतरत नाही." परसदारचा कॅमेरा आधी छज्जाला अगदी चिकटून लावला होता. रात्री बघितलं तर चित्र दुधासारखं पांढरं, कारण अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा सोडतो तो इन्फ्रारेड उजेड पांढऱ्या छज्जावरून परतत होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने तो वीतभर खाली घेतला आणि फाटकापर्यंत स्वच्छ दिसायला लागलं. रात्रीचं चित्र बघितल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत, हे मी कुणालाही सांगेन.

अ‍ॅप चालू करताना तो स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडू लागला, "काका, तुम्हाला त्रास नको" म्हणून. भावना चांगली होती, पण मी थांबवलं. खातं बाबांच्या नंबरवर काढलं, आम्हा दोघांना त्यातून बघायची परवानगी दिली आणि डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मी बदलला. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही फुटेज टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं २०२५ मध्ये उघड झालं, ते वाचून मला आठवडाभर नीट झोप लागली नव्हती. आपल्या आईचं घर आपल्याशिवाय कुणी बघता कामा नये. त्याच कारणाने घराच्या आत एकही कॅमेरा लावला नाही. बाजूच्या काकूंची खिडकी जिन्याच्या कॅमेऱ्यात येत होती, तेवढा भाग सेटिंगमधून काळा करून घेतला आणि त्यांना स्क्रीनवर दाखवला.

खरेदीआधी अजून एक बघा. एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या चाचण्यांचे नवे नियम लागू झाले आहेत. जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. मॉडेल नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा.

दादाची हौस वाया गेली नाही. दारं-खिडक्यांचे चिकटवायचे सेन्सर त्याने मागवले आणि स्वतः लावले. त्याला ना ड्रिल लागतं ना शिडी, आणि सेल बाबाच बदलतात. पुढच्या वर्षी वॉरंटी संपली की कॅमेऱ्यांचं वार्षिक कंत्राट घ्यायचं आहे. त्यात तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, हे लेखी घेणार आहे.