आमची वाटचाल : गुळाची उचल ते शेअरचा कागद

आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं, गुळाच्या अडतीचं. हंगामाच्या तोंडावर शेतकरी उचल, म्हणजे गुळावर आगाऊ पैसे, मागायला यायचे. आबा आधी त्या माणसाच्या गुऱ्हाळावर चक्कर मारायचे, रस उकळणाऱ्या काहिलीच्या चुलवाणापाशी, गूळ रांधणाऱ्या गुळव्याजवळ बसून चहा घ्यायचे आणि पेढीवर परत आल्यावर मुनीमजींना आकडा सांगायचे. काय बघून आलात विचारलं, तर म्हणायचे, "काहिलीत काय बघायचं? मालक गुळव्याशी कसा बोलतोय, ते बघितलं." सगळीच उचल फिटायची असं नाही. बुडाली तर त्या सालचा विषय तिथंच संपायचा.

मी अडतीत रमलो नाही. उद्यमनगरात पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामासाठी लागणारे नमुने बनवायचं वर्कशॉप टाकलं, ते बरं चाललं. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं नव्या कंपन्यांसाठी स्टार्टअप इंडिया योजना सुरू केली आणि आम्ही चार मित्रांनी नव्या पोरांच्या कंपन्यांत पैसे घालायला फर्म काढली. कोल्हापुरात हातात पैसा आला की माणूस गुंठे घेतो. त्यामुळं थोरल्या बंधूंनी आम्हाला सरळ येड्यात काढलं.

पहिलाच सौदा अंगलट आला, आणि चूक माझीच. त्या दिवसांत मी जॉर्ज डोरिओ या माणसाविषयी वाचत होतो. हार्वर्डचा प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करात ब्रिगेडियर जनरल होऊन सैनिकांचे बूट, कपडे, शिधा यांवर संशोधन करून घेतलं. 1946 मध्ये त्यानं आणि साथीदारांनी गुंतवणुकीची कंपनी उभी केली. 1957 मध्ये दोन तरुण इंजिनिअरांच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत तिनं 70,000 डॉलर घातले, हिस्सा घेतला 70 टक्के, आणि पुढं त्याचे कोट्यवधी डॉलर झाले. हे वाचून मला चेव आला. कॉलेजच्या बसचं अ‍ॅप करणाऱ्या दोन पोरांकडून मी 40 टक्के हिस्सा लिहून घेतला. वर्षभरानं त्यांना पुण्यात मोठा गुंतवणूकदार भेटला. त्यानं भागधारकांची यादी बघितली आणि म्हणाला, "पुढच्या गुंतवणूकदारांचे वाटे गेल्यावर पोरांच्या हातात उरणार काय?" तो उठून गेला, वर्षात कंपनी बसली. डोरिओला त्या काळी दुसरा स्पर्धक फारसा नव्हता, हे मी वाचलं होतं पण डोक्यात घेतलं नव्हतं. आता गुंतवणुकीच्या पहिल्या फेरीत पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही.

दुसरा पोरगा शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात भेटला. वितळलेला धातू ओतायचा साचा ज्या वाळूचा करतात, त्या वाळूतली ओल मोजायचं यंत्र त्यानं केलं होतं. ओल जास्त झाली की कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं पडतात, कमी झाली की साचा ढासळतो. तिथले मिस्त्री वाळू मुठीत दाबायचे, गोळा मधोमध मोडायचे, कड बघायचे आणि म्हणायचे, "पाणी मार." पोरगा यंत्राचा आकडा आधी वहीत लिहायचा, मग मिस्त्रींना विचारायचा, आणि दोन्हींत फरक पडला की चूक यंत्राची धरायचा. मी तिथंच होकार दिला. (तेव्हा एंजल टॅक्सची, म्हणजे शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग दिला तर कंपनीला वरच्या पैशांवर लागणाऱ्या कराची टांगती तलवार होती, मूल्यांकनाचा कागद करताना आमच्या सीएंना घाम फुटायचा. तो कर 2024 च्या अर्थसंकल्पात उठला.)

2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोका पातळी 43. आमच्या गल्लीत लोकांना पाणी उंबऱ्याला लागल्यावर कळलं. पूर ओसरल्यावर तोच पोरगा म्हणाला, "काका, वाळूतलं पाणी मोजतोय, तर नाल्यातलं का नको?" यातून पैसा सुटणार नव्हता. फर्मच्या खात्यातून नको, म्हणून मी स्वतःच्या खिशातून खर्च केला. भिंतीवरच्या 2019 च्या रेघेच्या चार बोटं वर आम्ही पेटी ठोकली, पाणी चढेल तसा गल्लीतल्या मोबाइलवर मेसेज जायचा.

2021 च्या जुलैत पाणी त्याहून वर गेलं. पेटी बुडाली, पण तोवर गल्ली रिकामी झाली होती. नवी पेटी तीन फूट वर आहे. पाऊस लागला की सकाळी सहाला थोरल्यांचा फोन येतो, "तुझी पेटी काय म्हणतीया?"