एसटी स्टँडवर भेटलेले आठ गण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि विषय शोधावाच लागला नाही. शाळेवर लिहायचं म्हणजे मराठीच्या सरांवर लिहायचं. त्यांचं नाव इथं सांगायला नको. आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की तेच.

नववीत वृत्तांचं प्रकरण आलं आणि अर्धा वर्ग धास्तावला. तीन-तीन अक्षरांचे आठ गण लक्षात ठेवायचं 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र तोंडपाठ होतं, पण त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं. त्याच हिवाळ्यात सिन्नरला गोंदेश्वराची सहल निघाली. नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर गाडी लागायला उशीर झाला, पोरांचा दंगा वाढला. सर गाड्यांच्या पाट्या वाचत उभे होते. एकदम म्हणाले, "अरे, इथं तर आठही गण हजर आहेत!"

लघूला, म्हणजे ऱ्हस्व अक्षराला, चुटकी; गुरूला, म्हणजे दीर्घ अक्षराला, टाळी. स-टा-णा : चुटकी, टाळी, टाळी. य गण. दिंडोरीला तिन्ही टाळ्या, म गण. 'दिं'वर अनुस्वार आहे म्हणून तोही गुरूच. नांदूर त, येवला र, निफाड ज. नगरला तिन्ही चुटक्या, न. शिरडी स. राहिला भ. तो काही कुणाला सापडेना.

"आपण निघालोय कुठं?" सरांनी विचारलं.

"सिन्नर! पण सर, 'सि' तर ऱ्हस्व आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हण बरं. 'न्न'चा आघात मागच्या 'सि'वर येतो की नाही? मग तो गुरू. गुरू, लघु, लघु."

तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "सर, मग नाशिकसुद्धा भ!" त्या वेळचा सरांचा चेहरा मला आजही लख्ख आठवतो. पुढं गाडीत त्यांनी आमच्याकडून 'सटाणा सटाणा सटाणा सटाणा' म्हणवून घेतलं. चार य गण, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. त्याच चालीवर मग मनाचे श्लोक सुरू झाले. समर्थांनी तपश्चर्या केली ती आपल्या टाकळीला, हेही तेव्हाच सांगितलं. कंडक्टरही आमच्याबरोबर म्हणत होते.

अलंकारही असेच, गावातूनच आलेले. पूर हत्तीसारखा आला, ही उपमा. पूर जणू हत्तीच, ही उत्प्रेक्षा. पूररूपी हत्ती, हे रूपक. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दोन्ही तोंडांनी गोदेचं पाणी पिते, ही निर्जीवाला सजीव करणारी चेतनगुणोक्ती. तात्यासाहेब शिरवाडकरांना १९८७ चं ज्ञानपीठ जाहीर झालं, तेव्हा सरांनी पदरचे पेढे वाटले आणि तास सोडून दिला नाही. उलट तासभर कविताच वाचल्या.

आज अंबडला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि दोन गझलसंग्रहही निघाले आहेत. लोक विचारतात, यंत्रांच्या धंद्यातल्या माणसाला लगावली, म्हणजे गझलेतला लघु-गुरूंचा क्रम, कशी जमते? मी सरांचं नाव सांगतो.

आता माझी पुतणी शाळेत आहे. तिच्या गाईडात अलंकारांची लक्षणं चौकटीत छापली आहेत, खाली एकेक ठरलेलं उदाहरण. मुलं तेच पाठ करतात, गुणही मिळतात. पण कविता मोठ्यानं वाचल्याचा आवाज वर्गातून येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. छंद कानानं कळतो, चौकटीत बघून नाही.

म्हणून महोत्सव समितीला एक विनंती. सरांच्या नावानं दरवर्षी एक बक्षीस ठेवावं. पाठांतराचं नको. समोर आलेल्या अनोळखी कवितेचं वृत्त ओळखून ती चालीत म्हणून दाखवेल, अशा आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला ते द्यावं. त्यासाठीची ठेव मी कार्यालयात जमा केली आहे. पहिल्या वर्षी परीक्षक म्हणून सिन्नरच्या सहलीतल्या त्या मुलीला बोलवा. ती आता कॉलेजात मराठीच शिकवते.