अशिलाचे कागद आणि माझ्या लॅपटॉपमधला एआय

मी कराडला दिवाणी कामं करतो. वाटणीचे दावे, मनाई हुकूम, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं. एकेका प्रकरणात फेरफाराच्या नकला, जुने सातबारे आणि खरेदीखतं यांचा गठ्ठा येतो, आणि कोणत्या घरात कोणाचं कोणाशी फाटलंय ते सगळं त्यात असतं. ज्युनिअर म्हणाला, "सर, हे फोनवरच्या एआयला द्या, दोन मिनिटांत सारांश देईल."

देईलही. पण अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर काढायचं नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहे. कुणाचं मृत्युपत्र परक्या सर्व्हरवर चढवणं त्यात बसतं की नाही यावर वाद घालता येईल. मला तो वाद माझ्याच अशिलाबरोबर घालायचा नव्हता. म्हणून ठरवलं, जे काही करायचं ते ऑफिसातल्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून.

लॅपटॉप साधाच आहे. रॅम १६ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अशा मशीनवर हे चालतं याचं बरंच श्रेय जॉर्जी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरला जातं. त्याने मार्च २०२३ मध्ये 'लामा डॉट सीपीपी' हा प्रोग्राम खुला केला. एआयचं मॉडेल म्हणजे अब्जावधी आकड्यांची फाईल. ते आकडे कमी बिटांत, म्हणजे कमी जागेत, बसवून मॉडेल साध्या प्रोसेसरवर चालवायचं, ही त्यातली युक्ती. १२ अब्ज आकड्यांचं मॉडेल एरवी साधारण २४ जीबी जागा घेईल. बहुतेक आकडे १६ ऐवजी ४ बिटांत ठेवले की ते ८ जीबीच्या आसपास येतं. उत्तरांची धार थोडी जाते, पण काम होतं.

मला सर्वांत जास्त उपयोग मात्र झाला तो आज कुणी एआय म्हणणारही नाही अशा गोष्टीचा. टेसरॅक्ट नावाचा, चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्राम आहे. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याला मराठीचं भाषापॅक जोडता येतं. सोबत 'ओसीआर माय पीडीएफ' घेतलं की स्कॅन केलेल्या पानाखाली वाचलेला मजकूर अदृश्य थरासारखा बसतो, आणि तीनशे पानांच्या पीडीएफमध्ये एखाद्या वाटेकऱ्याचं नाव शोधता येतं. उलटतपासाच्या आदल्या रात्री याची किंमत कळते. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हवं, पान सरळ हवं. टाईप केलेली खतं चांगली वाचली जातात. सातबाऱ्याचे रकाने एकमेकांत मिसळतात. तलाठ्याच्या हातचे जुने फेरफार जवळपास वाया, आणि मोडीतले कागद अजूनही मोडी वाचकाकडेच जातात. गट नंबर आणि क्षेत्राचे आकडे मी मूळ कागदावर बोट ठेवूनच वाचतो. ३ चा २ झाला तर दुसऱ्याची जमीन दाव्यात येते.

दुसरं काम आवाजाचं. वयस्कर अशील तासभर बोलतात, आणि भाऊबंदकीची सगळी हकिगत त्या बोलण्यात असते. त्यांना विचारून रेकॉर्ड करतो (कोर्टातलं नाही, फक्त ऑफिसातलं). ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे मॉडेल असं बोलणं लिहून काढतं, आणि त्याची 'व्हिस्पर डॉट सीपीपी' ही आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते. त्यातली छोटी मॉडेलं मराठीला पुरत नाहीत, सुमारे ३ जीबीचं मोठंच घ्यावं लागतं. साध्या प्रोसेसरवर ते रेंगाळतं, म्हणून मी रात्री लावून घरी जातो. सातारी बोली ते पुस्तकी करून टाकतं, ते चालेल. पण रेकॉर्डिंगमध्ये शांतता असली की न बोललेली वाक्यंही लिहू शकतं, हा त्याचा माहीत असलेला दोष आहे. वकिलाच्या ऑफिसात हे भलतंच महागात पडेल. त्यामुळे तो मजकूर जबाब म्हणून कधीच धरत नाही. मिनिट-सेकंद बघून मूळ बोलणं पुन्हा ऐकतो.

गप्पा मारणारं मॉडेल शेवटी आलं. मॉडेल उतरवून आपल्याच कॉम्प्युटरवर चालवणारा ओलामा हा प्रोग्राम घेतला, त्यावर गुगलचं जेम्मा ३ हे मॉडेल. त्याचं ४ अब्जांचं रूप सव्वातीन जीबीच्या आसपास, १२ अब्जांचं आठ. पहिलं झपाट्याने उत्तर देतं, दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत चहा होतो, पण मराठी दुसऱ्याचीच बरी. कायद्याचा प्रश्न मी या आकाराच्या कोणत्याही मॉडेलला विचारत नाही. कलमं आणि निवाडे ती बिनदिक्कत ठोकून देतात. मी मजकूर देतो आणि एवढंच मागतो: तारखा क्रमाने लाव, कोणी कोणाला काय लिहून दिलं ते सांग, आणि समोर पान क्रमांक लिही. मग ती पानं मी उघडून बघतो.

इथे एक खाच आहे. मॉडेल एका वेळी किती मजकूर ध्यानात धरेल याची मर्यादा सेटिंगमध्ये असते आणि सुरुवातीला ती तोकडी असते. मॉडेल मजकूर तुकडे पाडून मोजतं, आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. लांब खत दिलं की काही भाग गुपचूप गळतो आणि उत्तर तरीही आत्मविश्वासाने येतं. मर्यादा वाढवली की रॅम भरते. म्हणून एका वेळी एकच दस्त.

खाजगीपणाचं म्हणाल तर मॉडेल उतरवण्यापुरतंच इंटरनेट लागतं. नंतर वायफाय बंद करून उत्तर येतंय का ते बघायचं, याहून सोपी परीक्षा नाही. ओलामात आता क्लाउडवरची, म्हणजे परक्या सर्व्हरवर चालणारी, मॉडेलंही मिळतात आणि त्यांच्या नावात तसं लिहिलेलं असतं. ती घ्यायची नाहीत. ओलामा मुळात फक्त त्याच कॉम्प्युटरला उत्तर देतं. ज्युनिअरला त्याच्या टेबलावरून वापरायचं होतं, पण त्यासाठी ते ऑफिसच्या नेटवर्कवर उघडावं लागतं आणि आमच्या वायफायचा पासवर्ड खालच्या झेरॉक्सवाल्यालाही माहीत आहे. म्हणून तो माझ्या खुर्चीत येऊन बसतो.

पैसे सॉफ्टवेअरला लागले नाहीत. रॅम ८ वरून १६ केली आणि बॅकअपला एक डिस्क घेतली. लॅपटॉप चोरीला गेला तर सगळा गठ्ठाच जाईल, म्हणून दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे पासवर्डशिवाय त्या वाचता येत नाहीत. तो पासवर्ड झेरॉक्सवाल्याला माहीत नाही.