नेपाळच्या शाळेसाठी ग्रंथालयाची पेटी: कोल्हापुरात बांधून तिकडे पोचवेपर्यंत

इंटरनेट नसलेल्या शाळेत डिजिटल ग्रंथालय न्यायला सामान फारसं लागत नाही. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), साहित्य साठवायला २५६ जीबीची एसएसडी, ३२ जीबीचं मेमरी कार्ड, वायफाय राउटर आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा मिनी-यूपीएस. सॉफ्टवेअर फुकट मिळतं: विकिपीडियासाठी किविक्स, व्हिडिओ आणि सरावासाठी कोलिब्री. आमच्या गटाच्या पेट्या नेपाळच्या डोंगरी शाळांत जातात. पेटी बंद पडल्याचा निरोप आला की आम्ही आधी विजेचीच चौकशी करतो.

भरताना हात आखडता घ्यावा. चित्रांसकट पूर्ण इंग्रजी विकिपीडियाची एकच फाइल १०० जीबीच्या वर जाते आणि पाचवीतलं पोर ती उघडतही नाही. आधी नेपाळी साहित्य: काठमांडूच्या ओएलई नेपाळ संस्थेचं ई-पुस्तकालय, त्यांचेच अभ्यासक्रमाला धरून केलेले ई-पाठ, पाठ्यक्रम विकास केंद्राची पाठ्यपुस्तकं, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी. लिपी देवनागरीच, त्यामुळे कुठलं पान फाटलंय, कुठला फॉन्ट बिघडलाय हे इथे बसून कळतं. आशय बरोबर आहे की नाही हे मात्र नेपाळी शिक्षकालाच दाखवावं. मोठ्या फाइली टॉरेंटने उतरवाव्यात, म्हणजे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. एसएसडी फॅट३२ मध्ये फॉरमॅट केली तर ४ जीबीवरची फाइल बसत नाही. ईएक्सटी४ ठेवा.

आता वीज. पायला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलच्या साध्या चार्जरवर तो चालू होतो, पण एसएसडी कामाला लागली की व्होल्टेज पडतं आणि मशीन मधेच रीस्टार्ट होतं. पॉवर बँकेचा मोह टाळा. लाइट जाता-येता बऱ्याच पॉवर बँका क्षणभर पुरवठा तोडतात, तेवढ्यात पाय बंद. १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा राउटरचा मिनी-यूपीएस घ्या. एक वायर राउटरला, दुसरी बक कन्व्हर्टरमधून ५ व्होल्ट करून पायला. कन्व्हर्टर जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा. तिथे १२ व्होल्ट गेले तर बोर्ड संपला. नेपाळातही २३० व्होल्टच, आणि आपली गोल पिन तिकडे चालते.

तरीही कधीतरी बॅटरी संपणारच, आणि लिहीत असतानाच वीज गेली की कार्ड खराब होतं. म्हणून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करायची. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. पण कोलिब्रीचा डेटा कार्डावरच राहिला तर मुलांची प्रगती दर रीस्टार्टला पुसली जाते, तो फोल्डर आधी एसएसडीवर हलवा. पाय ४ ला स्वतःचं घड्याळही नसतं. इंटरनेटशिवाय तारखा भलत्याच पडतात. डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल आणि बटण सेल लावला की प्रश्न मिटतो.

पेटीसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम झकास होतं, कोपरे असे जुळतात की बघत राहावं. पण पत्रा वायफाय अडवतो. अँटेना बाहेर काढायला भोक पाडून घ्या, नाहीतर इलेक्ट्रिकलच्या दुकानातली प्लॅस्टिकची जंक्शन बॉक्स वापरा. पायच्या अंगच्या वायफायवर पूर्ण वर्ग बसत नाही, राउटर वेगळाच हवा.

तिकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे 'जोडलंय पण उघडत नाही'. वायफायला इंटरनेट नाही असं दिसताच अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद करून 'जोडलेलं ठेवा' म्हणायचं. ब्राउझर आपोआप एचटीटीपीएस लावतो, म्हणून पत्ता एचटीटीपी सकट फळ्याच्या कडेला रंगवूनच घ्यायचा.

पुण्याहून गोरखपूर, तिथून सुनौली, असा रस्ता आहे. सीमेवर शाळेचं पत्र, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर आणि किंमत असलेली यादी हाताशी ठेवा, नाहीतर दान की विक्री यावरच अडकून बसाल. पत्रावर शाळेचा शिक्का हवा. भन्सार (नेपाळच्या सीमाशुल्क) कार्यालयात विचारतील ते शुल्क वाद न घालता समजून घ्यावं आणि पावती मागावी.

शाळेत दोन शिक्षकांना शिकवा, एकाची बदली होतेच. सोबत त्याच सॉफ्टवेअरची नक्कल केलेलं दुसरं कार्ड पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून द्या.