हेडला चिखल, टेलला कोरड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी फ्युएल सेलचे, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या यंत्राचे, पडदे बनवते. २०२२ साली पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन बस दाखवली गेली, तेव्हापासून हा प्रश्न मला हमखास येतो: "फ्युएल सेलमधून पाणीच बाहेर पडतं ना? मग पडदा कोरडा पडेल म्हणून कसली काळजी करता? आणि त्यात वाळू कशाला मिसळता?"

प्रश्न शहाणा आहे. पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला हवा. हायड्रोजनमधून सुटलेला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो, पण एकटा जात नाही, पाण्याचे रेणू सोबत ओढून नेतो. पाणी तयार होतं तेही पलीकडेच. म्हणजे हवेकडे तुंबतं आणि हायड्रोजनकडे वाळतं. माझे सासरे पाटबंधारे खात्यातले. ऐकून म्हणाले, "हेडला चिखल आणि टेलला कोरड, आमच्या कालव्यासारखंच." इतकं नेमकं मला एकाही व्याख्यानात सांगता आलेलं नाही.

नेहमीचा पडदा नाफिऑनचा, म्हणजे एका आम्लधारी पॉलिमरचा, प्लास्टिकसारख्या पदार्थाचा. त्याला पाणी मिळालं तरच तो प्रोटॉन नेतो, म्हणून सेल ८० अंशांच्या आसपास चालवायचा. आम्हाला शंभराच्या वर जायचं असतं, कारण तिथे हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड सेलमधल्या उत्प्रेरक प्लॅटिनमला इतका बाधत नाही आणि रेडिएटरही लहान चालतो. पण तिथे पाणी टिकत नाही. म्हणून सिलिका, म्हणजे तुमची ती वाळू. बुटांच्या खोक्यात ओल धरणारी पुडी असते ना, त्याच जातीची, फक्त कण फार बारीक. ती पाणी धरून ठेवते. यालाच हायब्रिड कंपोझिट म्हणतात.

काम मात्र साबुदाण्याच्या पापड्यांसारखं. द्रावण काचेच्या बशीत ओतायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, ओव्हनमध्ये सावकाश वाळवायचं. घाई केली की कडा वळतात. सिलिका गोळा झाली की मध्ये दुधी डाग पडतात, आणि मग आठवडा गेला. प्रमाण वाढवलं की पडदा घडी घालताना चरचरतो. शिवाय साधी सिलिका स्वतः प्रोटॉन फारसा नेत नाही, उलट वाट अडवते. फॉस्फोटंगस्टिक आम्ल नेतं, पण ते पाण्यात विरघळून निघून जातं. झिर्कोनियम फॉस्फेट टिकतं, म्हणून सध्या माझा जीव त्याच्यावर.

खरं सांगायचं तर बाजारात बाजी मारली ती दुसऱ्या कंपोझिटने: टेफ्लॉनच्या सच्छिद्र जाळीत तेच आम्लधारी पॉलिमर भरलेल्या पातळ पडद्याने. जाळी असल्याने तो भिजल्यावर फुगून फाटत नाही, आणि पातळ असल्याने हवेकडचं पाणी आपोआप मागे झिरपतं. टोयोटाने २०१४ च्या मिराई गाडीतून बाहेरचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओल देणारं यंत्र, काढूनच टाकला, त्यात या पातळपणाचा वाटा मोठा. टेलला पाणी पोचवायला त्यांनी कालवाच आखूड केला, असं सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तुझी वाळू कशाला?"

शंभराच्या वर, बाबा. तिथे त्यांचाही कालवा आटतो.