गीझरच्या नळाला मुंग्या

जूनमध्ये पाऊस लागला आणि आई म्हणायला लागली, नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी दोन दिवस "ओल असेल गं" म्हणत टाळलं, तिसऱ्या दिवशी मलाच आल्या.

डिचोलीतलं आमचं घर जुनं, चिऱ्याचं. चार वर्षांपूर्वी बाथरूम नवं केलं तेव्हा गीझरचा पॉइंट गवंड्याच्या ओळखीतल्या एका पोराने काढला होता, हुशार होता, काम चकाचक, टाइल्सला एक चीर नाही. आता दुसऱ्या वायरमनला बोलावलं, त्याने सॉकेट उघडला आणि नुसता हसला. आतमध्ये अर्थच्या (गळलेली वीज जमिनीत सोडणाऱ्या) पिनपासून न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, एक इंचभर वायरचा तुकडा जोडलेला, अर्थची खरी वायर भिंतीत आलेलीच नाही! म्हणजे गीझरचा पत्रा सरळ न्यूट्रलवर. मागच्या बोर्डातला न्यूट्रलचा जॉइंट ओलीने गंजून ढिला झाला होता म्हणून मुंग्या येत होत्या, तो पूर्ण सुटला असता आणि गीझर चालू असता तर पत्र्यावर, म्हणजे नळावरही, अख्खे 230 व्होल्ट आले असते. आई रोज सकाळी सहाला आंघोळ करते.

मला राग आला तो पोराचा कमी आणि स्वतःचा जास्त, कारण मी त्याला वायरमनचं परमिट आहे का हे विचारलंच नव्हतं. नियम काही कालचे नाहीत, 1956 च्या वीज नियमांपासून आहेत आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांतही तेच. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं चालतं, पण नवा पॉइंट काढायचा, वायरिंग वाढवायचं तर काम लायसन्स असलेल्या कंत्राटदाराकडूनच, सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडे परमिट हवं. प्रत्यक्षात वीज खात्याकडे नवीन कनेक्शन घेताना कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडतो तेवढ्यापुरता हा कायदा आपल्या घरात येतो, आणि तोही सही एकाची, काम दुसऱ्याचं, वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर लावताना कोणी बघितलेला नाही. एकदा मीटर बसला की मग पुढची तीस वर्षं एसी लावा, पंप लावा, कोण विचारतोय.

इंग्लंडात स्विंडनला असलेला मावसभाऊ सांगत होता, तिथे 2005 पासून घरातल्या वायरिंगलाही बिल्डिंगचा नियम लागू आहे, नवीन सर्किट किंवा बाथरूममध्ये शॉवरजवळचं काम असेल तर एकतर नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनने स्वतः सर्टिफिकेट द्यायचं नाहीतर कौन्सिलला कळवायचं. घर विकताना वकील तो कागद मागतो म्हणे! आपल्याकडे घर विकताना जमिनीचा एक चौदाचा उतारा मागतात, अर्थिंग कोण मागतो.

असो. नव्या वायरमनने परमिट न मागता दाखवलं, अर्थची वायर नव्याने ओढली, मीटरनंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, बसवला. अर्थ टेस्टर लावून रीडिंग घेतलं तेव्हा मी बाजूला उभा राहून वहीत लिहून घेतलं, त्याला ते जरा विचित्र वाटलं असणार. आमच्याकडे खाली नुसता चिरा, उन्हाळ्यात जमीन सुकली की रीडिंग चढणार, म्हणजे अर्थिंग कमजोर होणार, म्हणून मे महिन्यात परत ये म्हटलंय.

आता चवथीला माटोळीवर (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीवर) जुनी लायटिंगची माळ लावली की आरसीसीबी पडतो. आई म्हणते नवीन मशीन खराब आहे. माळ खराब आहे हे तिला अजून पटलेलं नाही.